दारावर माणसं हवीत, भाषांतर करणारीही

प्रभूमध्ये सलाम.

आपली मराठी उपासना ज्या चर्चच्या हॉलमध्ये भरते, त्या चर्चने हद्दपारीचा हुकूम झालेल्या एका कुटुंबाला आसरा द्यायचं ठरवलं आहे. नाशिकच्या शरणपूर रोडवर वाढलेल्यांना या कामाचा अर्थ समजवायला नको. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांना मिशनने तिथेच आसरा दिला होता.

पण चर्चमध्ये शिरलं की सरकारचा हात पोचत नाही, असा कायदा अमेरिकेत नाही. 1982 साली ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतल्या निर्वासितांसाठी दार उघडलं तेव्हाही नव्हता. 1986 मध्ये आसरा देण्याच्या त्या चळवळीतले आठ जण कोर्टात दोषी ठरले. 2012 मध्ये आपल्याच न्यू जर्सीत, हायलँड पार्कच्या रिफॉर्म्ड चर्चने इंडोनेशियन ख्रिस्ती लोकांना ठेवून घेतलं, तेव्हा चर्चमध्ये शक्यतो कारवाई नको अशी इमिग्रेशन खात्याची सूचना तरी होती. जानेवारी 2025 मध्ये तीही रद्द झाली.

म्हणून सगळी भिस्त दारावर. आइसचे, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याचे, अधिकारी बहुधा आय-200 (अटकेचं वॉरंट) किंवा आय-205 (हद्दपारीचं वॉरंट) हा कागद आणतात. त्यावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नव्हे. तेवढ्यावर त्यांना संमतीशिवाय राहत्या खोल्यांत येता येत नाही, असं कोर्टं आजवर मानत आली आहेत. रविवारी सर्वांना खुला असलेला हॉल मात्र वेगळा, म्हणून खोल्यांच्या बाजूला स्वतंत्र कुलूप आणि ‘खासगी’ पाटी लावतो आहोत. आपली ‘या ना, आत या’ची सवय इथे घात करते: दार उघडून बाजूला झालात तर तीच संमती धरली जाऊ शकते. कागद दाराखालून सरकवायला सांगा, कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही, पत्ता, तारीख पाहा, वकिलांना फोन लावा. खोटं बोलू नका, कुणाला अडवू नका. आपण कुणाला लपवतही नाही, लपवणं हा गुन्हा आहे. पत्ता बदलल्याचा एआर-11 फॉर्म 10 दिवसांत भरला जाईल.

दारावरची पाळी 6 तासांची, दोघांची: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. आठवड्याला 56 नावं लागतात, आणि रात्री 12 ते 6 ला नेहमीच माणूस कमी पडतो. ज्यांचं स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस पक्कं नाही त्यांनी दारावर थांबू नये, घरून डबा पाठवावा.

दुसरी निकड भाषांतराची. केस पुन्हा उघडण्याच्या अर्जाला साधारणपणे अंतिम हुकुमापासून 90 दिवस मिळतात, आणि त्यातले बरेच दिवस कागद जमवण्यातच जातात. जन्मदाखला, एफआयआर, सातबारा, सगळं इंग्रजीत लागतं. शिक्के आणि हस्ताक्षरातले शेरेसुद्धा. सारांश चालत नाही. शेवटी ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं सहीनिशी प्रमाणपत्र हवं. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवा; ‘व्ही’चा ‘डब्ल्यू’ झाला की माणूस दुसरा ठरतो. नातेवाइकांनी हे काम घेऊ नये.

वस्तूंत 4 गाद्या, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे 3 अलार्म, आणि तळघरात शॉवर बसवायला परवानाधारक प्लंबर हवा. जुने कपडे नकोत, ढीग पडला आहे.

चेक चर्चच्या नावाने लिहा, मेमोत ‘आसरा निधी’. कुटुंबाच्या हातात रोख देऊ नका. त्यांचं नाव विचारू नका, फोटो काढू नका. पाळ्यांचा तक्ता उपासनेनंतर स्वयंपाकघराच्या दाराशी असेल.