लेखातून कार्बोप्लॅटिन गायब

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सिस्प्लॅटिन (किमोचे नेहमीचे जोरदार औषध, पण किडनीला जड) न झेपणाऱ्या मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा कालचा लेख वाचला. माहिती चांगली, फोटोही गुळगुळीत. एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधांच्या जोडीवर चाचणीतले निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून जास्त जगले, किमोवर हाच आकडा १६, हे खरेच आहे. फक्त किंमत लिहायला जागा पुरली नाही वाटते. शिवाय यातल्या एन्फोर्टुमॅबने साखर एकदम चढू शकते, हातपाय बधिर होतात. आमच्याकडे घरटी एक शुगरवाला आहे, त्याला हे कोण सांगणार?

पण माझा राग वेगळाच आहे. आमचे थोरले बंधू अण्णा एसटीत ड्रायव्हर, जन्मभर बिडी. गाठीने लघवीची वाट अडवली, किडन्या सुजल्या, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचे माप; ६० च्या खाली सिस्प्लॅटिन सहसा देत नाहीत) ६० च्या बराच खाली. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता सांगितले, "यांना किमो नाही. इम्युनोथेरपी करा, नाहीतर घरी न्या." सोबत खर्चाचा कागद. विहिरीजवळचे रान विकायला काढले, गिऱ्हाईकही येऊन बघून गेले. मग कुणीतरी म्हणाले, मिरजेला दाखवा. तिथल्या डॉक्टरांनी आधी पाठीतून नळ्या टाकून किडन्या मोकळ्या केल्या (एवढ्यावरच काहीजण सिस्प्लॅटिन घेण्याजोगे होतात म्हणे, अण्णा नाही झाले) आणि कार्बोप्लॅटिन-जेमसिटाबिन हे किमोचेच मिश्रण सुरू केले. सिस्प्लॅटिनइतके ते जोरदार नाही, हे त्यांनी लपवले नाही. पण किडनीला सोसते, जुने आहे, आणि रान न विकता झाले. अण्णांनी पुढची सुगी पाहिली, नातीच्या लग्नात आचाऱ्याशी भांडण काढले. तुमच्या अर्ध्या पानात या औषधाचे नावसुद्धा नसावे?

आणि त्याच पानाच्या तळाशी "लघवीतून रक्त? विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज" ही जाहिरात! दुखत नाही, नुसते रक्त जाते, म्हणून अण्णांनी असल्याच पुड्या कित्येक महिने खाल्ल्या. दुर्बिणीची तपासणी तोवर राहिली ती राहिलीच. जाहिरात बंद केल्याने आपला तोटा होत असेल तर तसे कळवा, वर्गणी वाढवून देतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोरेगाव (जि. सातारा)