बँड मोडला म्हणून गाणी वाईट ठरत नाहीत

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

बँड मोडल्याचं तू फोनवर दोन वाक्यांत उरकलंस. मीही खोदून विचारलं नाही. पण 'आमची गाणीच कमी पडली' हे मला मुळीच पटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

अमेरिकेत मेम्फिसला बिग स्टार नावाचा बँड होता. स्टुडिओसमोरच्या किराणा सुपरमार्केटच्या पाटीवरून हे नाव उचललेलं. क्रिस बेल आणि ॲलेक्स चिल्टन गाणारे आणि गिटार वाजवणारे, अँडी हमेल बेसवर, जोडी स्टीफन्स ड्रम्सवर. आर्डेंट स्टुडिओचे मालक जॉन फ्राय यांनी पोरांना रेकॉर्डिंगही शिकवलं. १९७२ साली 'नंबर वन रेकॉर्ड' आली. समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली. पण वितरण होतं स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे, आणि त्यांच्याच्याने माल दुकानांपर्यंत पोचेना. पुढे स्टॅक्सने कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, तर गुंता आणखीच वाढला. लोक परीक्षण वाचून दुकानात जात आणि रेकॉर्डच मिळत नसे! त्या काळात दहा हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. आता सांग, यात चालींचा काय दोष? हेडफोन लावून ऐक एकदा. गिटारच्या तारा कशा लख्ख वाजतात आणि एका आवाजावर दुसरा किती अलगद चढतो!

वर्ष संपता संपता बेल बाहेर पडला. १९७४ साली आलेल्या दुसऱ्या रेकॉर्डचंही तेच झालं. तिसरी त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झाली, बाहेर पडायला १९७८ उजाडलं. तोवर बँड उरलाच नव्हता. पुढे आर.ई.एम.सारख्या बँडनी त्यांचं ऋण उघड मान्य केलं.

पण मला खरं सांगायचंय ते दोघांबद्दल. पहिल्या रेकॉर्डवरच्या बहुतेक गाण्यांखाली बेल आणि चिल्टन अशी जोडीने नावं आहेत, मग गाणं कुणाला का सुचलेलं असेना. बेल निघून गेल्यावर, १९७८ साली, त्याची स्वतःची एक सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, निघाली. तिच्या मागच्या बाजूच्या गाण्यात साथीला कोण गातोय? चिल्टन! त्याच डिसेंबरात बेल मोटार अपघातात गेला. सत्तावीस वर्षांचा होता गं.

तुझ्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे, असं आई म्हणाली. बँड पुन्हा उभा करा असं मी म्हणत नाही. पण ते अर्धवट राहिलेलं चौथं गाणं तिच्या आवाजाशिवाय पुरं करू नकोस. तिला विचार, आणि गाण्याखाली नावं दोघींची घाला.

तुझा,
बाबा