फोमचे पैसे अजून देऊ नका

डोंबिवली, 12 जुलै

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर धड बोलणं झालं नाही. तुमच्याकडे वीज गेली, इकडे माझी लोकल आली. म्हणून लिहायला बसले. बाबा, गणपतीच्या आत खालच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालायचं, त्याखाली जाड फोम टाकायचा, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय, असं आईच्या आवाजावरून कळलं. दुकानदाराला पैसे दिले नसतील तर अजून देऊ नका.

तुमच्या गुडघ्यांना गार कोबा सोसत नाही, हे मला पटतं. माडीचा जिना चढणं सुटलं आणि तुमचं बिऱ्हाड खाली आलं, तेही बरंच झालं. पण ती खोली काय आहे ते आठवा. डोंगर कापून काढलेली, मागची भिंत छातीपर्यंत मातीत. पूर्वी तिथे आपण आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचायचो आणि पाऊस लागला की सगळ्यात खालच्या पेट्या काळ्या पडायच्या. दादाने वर चार इंच काँक्रीट ओतलं, पण ओल गेली कुठे? काँक्रीट दिसतं दगडासारखं, आतून असतं बारीक छिद्रांचं. दिव्याच्या वातीने तेल ओढावं तशी खालची ओल ते वर ओढतं. जमीन उघडी असते तोवर ती हवेत उडून जाते, आपल्याला पत्ता लागत नाही. वर काही अंथरलं की अडकते. मग कुबट वास, बुरशी, आणि तुमचा दमा.

दुकानात दाखवला तो रंगीत ठिपक्यांचा फोम म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला थर. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या लादीवर छान. पण शेवटी तो स्पंजच. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं, तेव्हा आत्याकडच्या फोमच्या गाद्या चौघांना उचलवत नव्हत्या आणि आठ दिवसांनीही पिळल्या की पाणी गळत होतं. तुमच्या खोलीत पूर येणार नाही, मान्य. पण थेंब थेंब प्यायलेला फोमही वाळायचं नाव घेत नाही. तागाचं किंवा नमद्याचं अस्तर तर कुजतंच.

घालायचंच असेल तर ज्या फोमचा प्रत्येक बुडबुडा सुटा आणि बंद असतो, तो घ्या. पाणी एका बुडबुड्यातून दुसऱ्यात जात नाही. पत्र्याच्या छपराखाली उन्हासाठी लावतात तो एक्सएलपीई, किंवा मुलांच्या एकमेकींत अडकवायच्या ईव्हीए चटया, त्याच जातीच्या. जाडी 8 ते 10 मिलिमीटर, त्याहून जास्त नको. “जाड तेवढं मऊ” हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण मऊ जमिनीवर काठी रुतते, पाऊल डगमगतं, आणि कार्पेटही रोज दबून दबून सांध्यात फाटतं.

हे सगळं नंतर. आधी तुमचा आणि आईचा वाद मिटवू. तुम्ही म्हणता फरशीला सुटतं ते पाणी दमट हवेचं. आई म्हणते जमिनीतून येतं. जाड प्लॅस्टिकचे दोन फुटी चौकोनी तुकडे कापा. एक मागच्या भिंतीजवळ, एक मधे, एक दाराशी. चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. कोबा आधी पुसून कोरडा करा, नाहीतर चिकटपट्टी धरणार नाही. थेंब प्लॅस्टिकच्या वर आले तर बाबा जिंकले. खालच्या अंगाला आले किंवा कोबा तेवढाच काळा पडला, तर आई. माझं मत आईच्या बाजूने आहे, पण प्लॅस्टिकलाच विचारू. आत्ता भर पावसातच ही परीक्षा खरी. मे महिन्यात कुठलीही जमीन पास होते.

आई जिंकली तर कुठलंच अस्तर उपयोगाचं नाही. चांगला फोम फक्त स्वतः भिजत नाही, ओल तिथेच राहते. मग पैसे मागच्या अंगाला घालायचे. पागोळ्यांचं पाणी सरळ भिंतीच्या बुडाशी पडतं, तिथे पन्हळ लावायची आणि भिंतीमागे चर खणून पाणी पाणंदीकडे काढायचं. अगोदर तेच.

माझं विचाराल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत नकोच, आणि चिकटवून तर मुळीच नको. पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत एक पट्टा, खाली बंद बुडबुड्यांचा पातळ फोम. एका कडेवर पलंगाचे पाय येऊ देत, म्हणजे सरकणार नाही. दुसरी कड दुमडलेली राहता कामा नये, अडखळाल. पाऊस लागला की गुंडाळून माडीवर. दसऱ्यानंतर घालू, जमीन वाळलेली असेल.

गणपतीत चाकरमानी येतील त्यांना सतरंजी पुरे. आई, काथ्याची जुनी चटई माळ्यावर असेल ती काढ. टोचते, पण ओलीला दाद देत नाही, आणि ऊन पडलं की गडग्यावर टाकता येते.

बाबा, खोलीच्या दाराखालची फट तेवढी मोजून कळवा. कार्पेट आणि फोम मिळून पाऊण इंच तरी चढेल, आणि ते दार आत उघडतं. सुताराला इतक्यात रंधा मारायला सांगू नका.

तुमची,
मनू