मंत्रीसाहेब, खाणीवर काय जगलं ते येऊन मोजा

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या पूर्वेला, नगर रोडच्या आतल्या एका गावात राहतो. थोडी शेती आहे, विहीर आहे, आणि शेताच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण आहे. तुमचा वेळ घेतोय त्याबद्दल माफ करा, पण ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या पावसात त्या खाणीचा मुरूम आमच्या विहिरीत आला. सकाळी वडील मोटर चालू करायला गेले तर पाणी तांबडं आणि फूटव्हॉल्व्ह गाळात रुतलेला. गाळ काढायला यारीवाला चाळीस हजार मागतोय.

आता हे पत्र लिहायचं कारण. त्याच महिन्यात मला एक सरकारी कागद वाचायला मिळाला. ज्या उतारावरून हा मुरूम वाहून आला त्याच उताराबद्दल त्यात लिहिलंय, वृक्षलागवड यशस्वी, 90 टक्के रोपं जिवंत. साहेब, मी तो कागद तीनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत आम्हाला शब्द दिला होता की डोंगर होता तसा करून देऊ. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, माझ्या वडिलांनी सुद्धा.

मग मी आणि चुलतभाऊ रविवारी सुतळी घेऊन वर गेलो आणि ओळीने 100 खड्डे मोजले. 34 मध्ये काहीतरी जिवंत होतं, त्यातले 27 गिरिपुष्प, म्हणजे बाहेरून आणलेलं, कुठेही तगणारं झाड. बाकी नुसत्या काठ्या. एक वाळलेलं रोप धरून ओढलं तर काही जोर न लावता हातात आलं, आणि खाली काळी प्लास्टिकची पिशवी तशीच! पिशवी न फाडता रोप खड्ड्यात ठेवलेलं. मुळं आतल्या आत गोल फिरून दोरीच्या वेटोळ्यासारखी झाली होती, एक मूळसुद्धा मुरमात गेलं नव्हतं. आणि जाणार तरी कुठे, वीतभर खाली अख्खा काळा पाषाण. खाण सुरू करताना वरची माती काढून बाजूला ढीग लावून ठेवायची असते, म्हणजे शेवटी ती परत पसरता येते. आमच्याकडे ती पहिल्याच वर्षी डंपरने भरून विकली गेली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाटेच्या पलीकडे न खणलेला माळ आहे. तिथे आम्ही सुतळीने पावलाभराचा चौकोन आखला. आत कुसळी, पवना, मारवेल अशी दाट गवतं, तरवडाची दोन कोवळी रोपं जी कोणी लावली नव्हती, मुंग्यांची रांग, आणि बोट घातलं तर आत ओल. तेवढाच चौकोन खाणीवर आखला. खडे आणि एक गाजरगवत. पाणी अडवतं ते गवत, माती धरून ठेवतं ते गवत, आणि तुमच्या तक्त्यात गवताचा रकानाच नाही! फक्त लावलेली रोपं आणि जगलेली रोपं. टँकर चालू असेपर्यंत काहीही जगतं हो, टँकर थांबल्यावर किती जगलं आणि आपोआप बी पडून नवं किती उगवलं ते मोजायला पाहिजे ना.

हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत कोळशाच्या खाणींसाठी 1977 सालापासून कायदा आहे. लागवड, खत, पाणी सगळं बंद केल्यावर पुढची 5 वर्षं जबाबदारी खाणवाल्याची, आणि जिथे वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे 10 वर्षं. जमिनीवरचं हिरवं आच्छादन ठरवून दिलेल्या मापाच्या निदान 90 टक्के भरलं पाहिजे, आणि ते माप बऱ्याचदा शेजारच्या न खणलेल्या जमिनीवरून घेतात. तोपर्यंत खाणवाल्याने सरकारकडे ठेवलेली अनामत पूर्ण परत मिळत नाही. तिकडे 90 टक्के म्हणजे हे, आणि आमच्याकडे 90 टक्के म्हणजे फोटो काढला त्या दिवशी उभ्या असलेल्या काठ्या.

तिकडचं सोडा. आपल्याच सुप्रीम कोर्टाने 8 जानेवारी 2020 ला सांगितलंय की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणा, चारा, झाडं, जीवजंतू वाढतील अशी ती करून द्या, आणि ही अट खाणपट्ट्यातच घाला. कोर्टाला गवत दिसलं, तुम्हाला का दिसत नाही?

वडिलांकडे आधी 22 शेळ्या होत्या, त्या माळावरच चरायच्या. आता 3 आहेत. आई सुरुंगाच्या आणि क्रशरच्या धुळीत इतकी वर्षं राहिली, आता रात्री उशाला इन्हेलर घेऊन झोपते. घराच्या मागच्या भिंतीला तडा आहे, दर दिवाळीला मी तो सिमेंटने भरतो आणि तो परत उघडतो. पुण्यात एवढे टॉवर झाले, पूल झाले, त्यांची खडी कुठून गेली? आमच्या उशाचा डोंगर गेला साहेब, आणि बदल्यात आम्हाला एक आकडा मिळाला. सगळीकडे हेच चाललंय. 2019 ला राज्यात 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं, माझ्या मुलीने शाळेत त्याची घोषणा दिली होती, तिने लावलेलं झाड कुठे आहे ते तिला कोणी सांगू शकलं नाही. खड्डे मोजतात, रोपं मोजतात, बिलं निघतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात परत रोप. आम्ही तक्रार केली की सरकारी कचेरीतल्या बाई खिडकी नंबर चार सांगतात, चारवाला म्हणतो साहेब मीटिंगला गेलेत.

माझी मागणी एवढीच आहे की तो यशस्वीचा शेरा आधी मागे घ्या आणि खाणवाल्याची अनामत सोडू नका. उतारावर माती टाकून आमच्या माळाचंच बी पेरा, हिवर, बोर, खैर, तरवड लावा, टँकर बंद करून 5 पावसाळे जाऊ द्या आणि मग शेजारच्या माळाशी ताडून बघा. मोजताना गावातली दोन माणसं बरोबर घ्या.

यारीवाला पुढच्या सोमवारी येतोय, पैसे बहिणीकडून उसने घेतलेत. त्याच्या आधी आलात तर विहिरीतला मुरूम दाखवता येईल. ती काळी पिशवी मी मुळांसकट जपून ठेवलीये, ओट्यावरच आहे.

आपला,
खाणीखालचा एक शेतकरी