अप्पांच्या शेवटच्या रात्रीबद्दल, डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

जुलैतल्या त्या पावसाच्या रात्री खानापूरहून १०८ मधून अप्पांना बेळगावला आणलं, तेव्हा कॅज्युअल्टीत ड्युटीवर तुम्ही होता. वय ७८, फुप्फुसाचा कॅन्सर, केमो आधीच थांबवलेली. धाप एवढी की आडवं होता येत नव्हतं. दादा दारातूनच ओरडत आला, "काय पण करा, व्हेंटिलेटर लावा!" नळीची तयारीही सुरू झाली होती.

तुम्ही आधी फाईल वाचलीत. मग अप्पांच्या कानाशी वाकून कन्नड वळणाच्या मराठीत विचारलंत, "अप्पा, घशात नळी घालू काय? नको काय?" त्यांनी मान हलवली. नको. तुम्ही पुन्हा विचारलंत. पुन्हा नको. महिनाभर आम्ही घरात त्यांच्याविषयीच बोलत होतो, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दादाला तुम्ही बाजूला बसवून सांगितलंत. नळी घातली की बोलणं बंद. ती उपसू नये म्हणून गुंगीचं औषध, कधी हातही बांधावे लागतात. हृदय थांबल्यावर ते चालू करायला छाती दाबली तर या वयात फासळ्या मोडू शकतात, आणि कॅन्सर आहे तिथंच राहतो. "मग काहीच करायचं नाही?" "खूप करायचं आहे," तुम्ही म्हणालात. मॉर्फिनचा अगदी थोडा डोस, नाकाला ऑक्सिजन, पाठीला उंच उशा, तोंडावर पंख्याचा वारा. हळूहळू धाप उतरली. अप्पांनी दादाला विचारलं, "रोप लावून झालं काय?"

पहाटे तुम्ही आईच्या हातात पाण्यात भिजवलेला कापूस दिलात. अप्पा आयसीयूच्या दाराआड असते, तर शेवटचं पाणी तिच्या हातून मिळालं नसतं.

बाराव्याला चुलत्यांनी विचारलं, "व्हेंटिलेटर लावला नाही, हे कायद्यात बसतं काय?" पत्र सर्वांसमोर लिहितेय ते त्यासाठीच. शुद्धीवरच्या माणसाला उपचार नाकारता येतात. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केलाय, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं त्याच्या अंमलबजावणीचा आदेशही काढलाय. दादाला हे मी वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "अप्पा बोलले तरी माझ्याशी."

त्या सकाळी गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले. आई अजून विचारते, त्या बाईंची ड्युटी कधी असते? अप्पांनी विचारलेल्या त्याच रोपाचं भात आता घरात आलंय, तिला त्यातलं थोडं तुम्हाला द्यायचंय.

तुमची,
अप्पांची धाकटी मुलगी