सनद परत करावी का?

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, याबद्दल काय रागवायचे ते आधी रागावून घे. प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची एक गोळी वाढली, एवढेच. आज लिहिण्याचे कारण असे आहे की, ते दुसऱ्या कुणाला सांगितले तर तो हसण्यावारी नेईल. आपले फ्रीमेसन बंधूंचे लॉज बंद करून, ते चालवण्याचा अधिकार देणारी सनद वरच्या ग्रँड लॉजकडे परत करावी, असा ठराव आला आहे. तो कुणी मांडला, हे तू ओळखले असशीलच. पुढच्या सभेत मतदान आहे.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. उपस्थिती इतकी रोडावली आहे की, एकेकाला दोन-दोन पदे सांभाळावी लागतात आणि दाराबाहेर तलवार घेऊन उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याने, टायलरने, अडवावे असा कुणी आगंतुकच उरलेला नाही. ठराव मांडून झाल्यावर त्याने विचारले, "यातून आपल्याला नक्की मिळते तरी काय?" त्यावर सगळे गप्प बसले. मीही बसलो, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

दानधर्म म्हणावे, तर त्यासाठी मेसनांचा एप्रन बांधून विधी करण्याची गरज नाही. 1985 पासून पोलिओचा पिच्छा पुरवणाऱ्या तुझ्या रोटरीपुढे आमच्या देणग्यांची काय कथा! गुपिते म्हणावीत, तर ती 1730 मध्येच लंडनमध्ये छापून विकली गेली होती. ओळखीपाळखीतून धंदा वाढेल, या आशेने येणारा वर्षभरात कंटाळून जातो, आणि त्याने जावे हेच बरे. मग उरते काय? चार लॉजनी एकत्र येऊन 1717 मध्ये लंडनला पहिले ग्रँड लॉज स्थापन केले, आणि 1723 च्या त्यांच्या घटनेत अँडरसनने लिहून ठेवले की, एरवी जी माणसे एकमेकांपासून कायमची दूर राहिली असती, त्यांच्यात खरी मैत्री जुळवण्याचे हे साधन आहे. धर्माची आणि राजकारणाची भांडणे दाराबाहेर ठेवावीत, हा नियमही त्याच घटनेतला. (आपण तो कसोशीने पाळला आणि जेवणाच्या हिशेबावरून भांडलो.)

हे वाचताना मला बापू आणि जजसाहेब आठवले. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, दुसरा निवृत्त न्यायाधीश. लॉज नसते तर बंद पडलेल्या लिफ्टपलीकडे त्यांचा संबंध आला नसता. साहेब मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, होणार होते तेव्हा त्यांचे विधीचे पाठांतर बापूंनी करून घेतले, हे तू पाहिले आहेस. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेले, साहेब त्याच एका वाक्यावर अडलेले, आणि बापू शांतपणे म्हणत, "घाई करू नका, आधी श्वास घ्या, शब्द मागोमाग येतात." आयुष्यभर लोकांना निकाल ऐकवलेला तो माणूस मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

तुला हे कळले नसेल, की साहेबांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. सुरुवातीला घरी रीघ लागली. मग एकेक जण यायचा थांबला, कारण उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती वेळ बोलणार? बापू मात्र अजून जातात. आजारी सदस्यांची आणि विधवांची विचारपूस करणे हे लॉजमधल्या आल्मोनरचे काम, आणि ते पद सध्या बापूंकडे आहे. आता तेच पाठ ते साहेबांपुढे हळूहळू म्हणतात आणि साहेबांचे ओठ हलतात. बापू मला स्पष्टच म्हणाले, की पहिल्या काही खेपा त्यांनी केवळ पदाची जबाबदारी म्हणून केल्या, जायला जिवावर येई. आता नाही गेले तर चुकल्यासारखे वाटते.

ठराववाला म्हणतो, लॉज नसले तरी आपण महिन्यातून एकदा जेवायला भेटत जाऊ. मला ते पटत नाही. जेवायला माणूस आपल्या आवडीच्या माणसांनाच बोलावतो, आणि त्या यादीत तोंड वाकडे झालेला, बोलू न शकणारा म्हातारा फार काळ टिकत नाही. मी विरोधात मत देणार आहे, पण ते विचाराने देतो आहे की निव्वळ सवयीने, हे मलाच उलगडत नाही.

तू म्हणशील, एवढे चांगले आहे तर स्त्रियांना दार बंद का? याच मुद्द्यावर तू राजीनामा माझ्या ताटाशेजारी ठेवून उठला होतास. तुझा मुद्दा मी आजही खोडू शकत नाही. स्त्री-पुरुषांचे एकत्र लॉज पॅरिसमध्ये 1893 मध्येच निघाले होते. पण ज्या रोटरीत तू तावातावाने गेलास, तिनेही जगभर स्त्रियांना प्रवेश दिला तो 1989 मध्ये, हे त्या दिवशी मला आठवले असते तर निदान जेवण तरी गोड लागले असते! माझे एवढेच म्हणणे आहे, की पुरुष कारणाशिवाय एकमेकांचे दार ठोठावत नाहीत. आमच्या पिढीचे तरी नाहीत. त्यांना कुणीतरी पद द्यावे लागते.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? धाकटीच्या बदलीचे काय झाले? निवृत्तीनंतर वाचायला काढलेली पुस्तके अजून तशीच असतील, असे मी धरून चालतो.

तू आता सदस्य नाहीस, त्यामुळे तुला मत नाही; पण माजी मास्टर म्हणून तुझे चार शब्द सभेत वाचून दाखवता येतील, मग ते माझ्या विरोधात असले तरी चालतील. मतदानाआधी लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
वसंत