जुनं क्रेडिट कार्ड: बदलायचं काय, कार्ड की खातं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं की बारा-तेरा वर्षं जुनं क्रेडिट कार्ड आहे, ते ठेवू की बंद करून नवीन घेऊ, आणि त्यावर एका ओळीत उत्तर छापलं होतं की जुनं कार्ड कधीच बंद करू नका, क्रेडिट स्कोअर (आपण उधारी कशी फेडतो यावरून मिळणारा आकडा, जो बघून बँका कर्ज देतात) पडतो. मी ते वाचून दोन दिवस अस्वस्थ होते कारण हे उत्तर अर्धंच आहे आणि या अर्ध्या उत्तरापायी मी स्वतः तीन वर्षं नको असलेल्या कार्डाची फी भरत बसले, नंतर घाईत दुसरं एक कार्ड बंद केलं ते पण चुकीच्या पद्धतीने. म्हणून हे पत्र, थोडं मोठं झालंय पण कृपया छापा.

पहिली गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती ती अशी की कार्ड आणि खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या हातात असतो तो प्लास्टिकचा तुकडा, त्याला एक्स्पायरी असते, तो झिजतो, हरवतो, बँक त्याच्या जागी दुसरा पाठवते. त्याच्या मागे बँकेत एक खातं असतं, ते ज्या दिवशी उघडलं ती तारीख क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींमध्ये, लिहिलेली असते आणि स्कोअरसाठी वय धरतात ते त्या खात्याचं. एक्स्पायरी झाली म्हणून नवीन कार्ड आलं तर खात्याचं वय बदलत नाही. कार्ड हरवलं आणि नंबर बदलून आला तरी बँकेने नोंदी नीट पुढे नेल्या तर इतिहास तोच राहतो. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की कार्ड बदललं म्हणजे सगळं शून्यापासून सुरू, त्यामुळे अक्षरं पुसलेलं, कडेला तडा गेलेलं कार्ड जपून वापरत राहिले, मशीन ते तीनदा नाकारायचं आणि मागे रांगेतली माणसं ताटकळायची.

माझ्या ओळखीत तर अजून असे लोक आहेत ज्यांचं जुनं कार्ड फक्त काळ्या पट्टीचं आहे आणि ते बदलायला घाबरतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते प्लास्टिक आजच बदलून मागा. ती मॅग्नेटिक पट्टी १९६० च्या दशकातली कल्पना आहे, तिच्यावरची माहिती दर वेळी तीच असते म्हणून ती एकदा कोणी कॉपी केली की तसंच दुसरं कार्ड बनवता येतं. चिप दर व्यवहाराला वेगळा कोड तयार करते, तो चोरून पुढच्या व्यवहाराला चालत नाही. मास्टरकार्डने तर २०२१ मध्येच जाहीर केलंय की २०२४ पासून टप्प्याटप्प्याने पट्टी काढत नेऊन २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवर ती ठेवायचीच नाही. म्हणजे इथे विचार करण्यासारखं काही नाही, खातं तेच ठेवून फक्त कार्ड बदलून घ्यायचं.

खरा प्रश्न येतो तो खातं ठेवायचं की नाही हा. आता स्कोअरचं बोलू कारण सगळी भीती तिथेच आहे. स्कोअर काढायच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत आणि कंपन्या सगळं उघड करत नाहीत, पण अमेरिकेतला फायको स्कोअर, जो १९८९ पासून वापरात आहे, त्याची ढोबळ विभागणी कंपनीने स्वतः जाहीर केलेली आहे. वेळेवर पैसे भरले का याला ३५ टक्के, किती उधारी वापरली जातेय याला ३० टक्के, इतिहास किती लांब याला १५ टक्के, आणि नवीन कर्जं आणि कर्जांचे प्रकार यांना १०-१० टक्के. म्हणजे ज्या वयासाठी आपण जीव टांगणीला लावतो त्याचं वजन वेळेवर भरण्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय बंद केलेलं खातं रिपोर्टमधून लगेच गायब होत नाही, अमेरिकेत चांगल्या स्थितीत बंद झालेलं खातं साधारण १० वर्षांपर्यंत दिसत राहतं. मला हे कळलं तेव्हा खूप हलकं वाटलं, आणि तीन वर्षांच्या फीचं वाईटही वाटलं.

पण मग कार्ड बंद केल्यावर स्कोअर पडतो असं लोक सांगतात ते खोटं का? नाही, पडतो, फक्त बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. लिमिट कमी होते. समजा तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, जुन्याची लिमिट २ लाख आणि नव्याची १ लाख, आणि महिन्याचा खर्च दोन्हीवर मिळून ६० हजार. आज तुम्ही ३ लाखांपैकी ६० हजार वापरताय, म्हणजे २० टक्के. जुनं बंद केलं की तोच ६० हजारांचा खर्च १ लाखाच्या लिमिटवर येतो, ६० टक्के. तुम्ही एक पैसा जास्त खर्च केलेला नाही, बिल वेळेवर भरताय, तरी कागदावर तुम्ही ओढाताणीत असलेला माणूस दिसता. हेच जुन्या कार्डाची लिमिट छोटी असेल, उदा. दोन्ही मिळून ३ लाखांतली २० हजारच त्याची असेल, तर ते बंद केल्याने टक्केवारी २० वरून साधारण २१ होते, काही फरक पडत नाही. त्यामुळे जुनं म्हणून घाबरायच्या आधी आपली लिमिट किती जाणार हे कागद-पेन घेऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि येत्या वर्षभरात घराचं किंवा कुठलं मोठं कर्ज घ्यायचं असेल तर तेवढे महिने काहीच हलवू नका, ना बंद ना नवीन अर्ज, कारण नवीन अर्जाची पण रिपोर्टवर चौकशी पडते, म्हणजे बँकेने तुमचा रिपोर्ट मागवून बघितल्याची नोंद होते.

ज्यांच्या कार्डावर बाकी राहते त्यांनी तर खर्चावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि स्कोअर यांचा सगळा विचार बाजूला ठेवावा असं मला मनापासून वाटतं. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला कमी वाटतं पण ते चढत गेलं की वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरलं म्हणजे झालं असं नसतं, बहुतेक कार्डांवर मागची बाकी पूर्ण भरली नाही तर नवीन खरेदीवर पण त्याच दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. अशा कार्डावर शंभरामागे एक-दोन पॉइंट मिळाले तर त्याचं काय करायचं? माझ्या भावाचं हेच झालं होतं, कार्ड सगळ्यात जुनं म्हणून ठेवलं, आणि ठेवलं म्हणून वापरत राहिला, आणि दर महिन्याला थोडं मागे टाकत राहिला. त्याने आधी ते वापरणं थांबवलं, बाकी फेडली, मग बंद केलं. स्कोअर थोडा उतरला आणि पुन्हा वर आला, पण रात्रीची झोप लागायला लागली हे त्याने स्वतः मला सांगितलं.

माझं स्वतःचं जुनं कार्ड वेगळ्या प्रकारातलं होतं. सोळा वर्षांचं, नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मिळालेलं, त्याचं मला कौतुक होतं हे मान्य करते. पहिली काही वर्षं फुकट होतं, मग बँकेने प्रकार बदलला आणि वार्षिक फी लावली, सोबत विमानतळावरच्या लाउंजची सोय, आणि मी विमानाने क्वचितच जाते. तीन वर्षं फी भरली ती फक्त त्या सोळा वर्षांच्या आकड्यासाठी. शेवटी कस्टमर केअरला फोन करून सरळ सांगितलं की मला बंद करायचंय. तर तिकडून आधी या वर्षीची फी माफ करतो म्हणाले, मी म्हटलं पुढच्या वर्षी पुन्हा हाच फोन करायचा का, तेव्हा कुठे कळलं की त्याच बँकेचं बिनफीचं साधं कार्ड आहे आणि माझं खातं त्यात बदलून मिळतं. ही गोष्ट त्यांनी आपणहून कधीच सांगितली नसती. मी तिथेच तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं ईमेलवर मागून घेतली: हा नवीन अर्ज धरला जाणार का, माझ्या रिपोर्टवर चौकशी पडणार का, आणि खातं उघडल्याची तारीख जुनीच राहणार का. हे तीन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत कारण सगळ्या बँका सारखं करत नाहीत, काही ठिकाणी बदल म्हणतात आणि प्रत्यक्षात जुनं बंद करून नवं उघडतात. माझ्या बाबतीत तारीख तीच राहिली, दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघितलं. लिमिटही तीच.

आता ज्या कार्डाच्या बाबतीत चूक झाली ते सांगते, कारण त्याचा त्रास अजून आठवतो. ते माझं दुसरं कार्ड, आठ वर्षांचं. एका महिन्यात त्यावर थोडी बाकी मागे राहिली होती, पुढच्या स्टेटमेंटमध्ये आलेली पूर्ण रक्कम मी भरली, फोन केला, बंद करा म्हटलं, हो म्हणाले, मी कार्ड कापून टाकलं आणि विसरले. पण स्टेटमेंट निघाल्याच्या तारखेपासून मी पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये नसतं, ते पुढच्या महिन्यात लागतं. रक्कम अगदीच किरकोळ होती. त्याचं बिल गेलं माझ्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जो मी कधीच उघडत नव्हते, मग लेट फी, मग तिच्यावर व्याज, आणि मग रिपोर्टमध्ये थकबाकीदार अशी नोंद. आठ वर्षं एकही बिल चुकवलं नाही आणि बंद करताना नोंद खराब झाली. ती दुरुस्त करून घ्यायला पाच महिने लागले, दर वेळी नवीन माणूस फोनवर आणि दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. माझ्या हातात बंद केल्याचा एकही कागद नव्हता, फक्त एक फोन कॉल.

म्हणून बंद करायचंच ठरलं तर घाई करू नका. आधी त्या कार्डावर काय काय ऑटोपेवर लावलंय ते शोधा, गेल्या वर्षभराची स्टेटमेंट चाळा कारण विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो आणि तोच विसरतो. घरातल्या कोणाला ॲड-ऑन कार्ड दिलं असेल तर मुख्य खात्याबरोबर तेही बंद पडतं, त्यांना आधी सांगा, माझ्या वहिनीला हे दुकानात उभी असताना कळलं आणि तिला किती ओशाळं झालं असेल. काही परत केलं असेल तर रिफंड जमा होऊ द्या. पॉइंट वापरून टाका, बंद झाल्यावर ते बहुतेक वेळा जातात. मग पूर्ण भरा, एक स्टेटमेंट शून्याचं येऊ द्या, आणि मग बंद करायला सांगा, लेखी, आणि त्यांच्याकडून खातं बंद झालं आणि काही देणं नाही असं पत्र घ्या. तो कागद टाकू नका. दोन-तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये ते खातं बंद आणि बाकी शून्य असं दिसतंय का ते बघा. कार्ड कापताना चिपमधून आणि पट्टीमधून कापा, नुसते दोन तुकडे करून टाकू नका.

आणि ज्यांनी ठेवायचं ठरवलंय त्यांना पण सांगायचंय, नुसतं कपाटात ठेवलं म्हणजे ठेवलं असं होत नाही. बराच काळ वापर नसेल तर बँक स्वतःहून लिमिट कमी करू शकते किंवा खातं बंद करू शकते, मग ज्यासाठी ठेवलं तेच गेलं. त्यावर एखादं छोटं नेहमीचं बिल लावून द्या, आणि कार्डाचं बिल बँक खात्यातून पूर्ण जाईल असं करा, मिनिमम नाही, पूर्ण. मेसेज आणि ईमेल अलर्ट चालू आहेत का, पत्ता आणि मोबाईल नंबर आजचा आहे का हे तपासा. न वापरल्या जाणाऱ्या कार्डावर कोणी गैरव्यवहार केला तर आपल्याला कळतं सगळ्यात उशिरा.

संपादक साहेब, तुमचा पेपर घरोघरी वाचला जातो, आमच्या घरात सासूबाईंपासून मुलीपर्यंत सगळे वाचतात, आणि पैशाच्या बाबतीत छापलेल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. त्या वाचकाला एका ओळीत उत्तर देण्याऐवजी फी आहे का, बाकी राहते का, लिमिट किती जाणार आणि बिनफीच्या प्रकारात बदलून मिळतं का एवढं विचारलं असतं तर त्याचं त्यालाच ठरवता आलं असतं. शक्य असेल तर तेवढं तरी पुढच्या अंकात छापा. वहिनीने आता स्वतःच्या नावाचं एक जुनं कार्ड काढलंय, दहा वर्षांचं, फी आहे आणि वापर नाही, तिचा एक रिफंड यायचा बाकी आहे, तो जमा झाला की आम्ही दोघी मिळून बँकेला फोन करणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक